थंड अणू, चार सेंटिमीटरची कॅव्हिटी: प्रकल्प नोंदी

११ जून २०२४

कॅव्हिटीचे, म्हणजे ज्या जोडीमधे प्रकाश मागेपुढे धावत राहतो तिचे, आरसे आले. अर्ध्या इंचाचे, वक्रता त्रिज्या १० सेंटिमीटर, ७८० नॅनोमीटरला पारगमन ३०० पीपीएम. म्हणजे दहा लाख फोटॉन आपटले तर तीनशे पलीकडे निसटतात. दोन आरशांत ४ सेंटिमीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं, ते कायम. याहून जवळ आणले तर मॉटच्या (लेझर आणि चुंबकाने अणू थंड करून धरून ठेवणारा सापळा) किरणांना मधून जायला जागा उरत नाही, लांब नेले तर अणू आणि प्रकाश यांची एकमेकांवरची पकड सैल होते.

आकडे इथेच मांडून ठेवतो, नंतर शोधाशोध नको. लागोपाठच्या दोन अनुनादांतलं, म्हणजे ज्या वारंवारतांना आत प्रकाश साठतो त्यांच्यातलं अंतर (एफएसआर) ३.७५ गिगाहर्ट्झ. मधोमध प्रकाशाच्या पट्ट्याची त्रिज्या १०० मायक्रोमीटर. रुबिडियम-८७ च्या डी२ रेषेची रुंदी ६.०७ मेगाहर्ट्झ, म्हणून गॅमा (अर्धी रुंदी) ३.०३. एका अणूची एका फोटॉनशी जोडणी, म्हणजे जी, अगदी अनुकूल जागी २६० किलोहर्ट्झ. दर आरशामागे १५ पीपीएम वाया जातील असं धरलं तर फिनेस (एफएसआर भागिले अनुनादाची रुंदी) १०,००० च्या घरात, आणि कप्पा (κ, अनुनादाची अर्धी रुंदी, म्हणजे कॅव्हिटीच्या गळतीचं माप) १९० किलोहर्ट्झच्या आसपास.

जी गॅमाच्या दहाव्या भागाइतकाही नाही. एकट्या अणूचं या कॅव्हिटीत काही चालणार नाही. पण सगळे अणू एकाच मोडला (कॅव्हिटीतल्या प्रकाशाच्या एका ठरावीक आकाराला) बांधलेले असले की जोडणी अणुसंख्येच्या वर्गमुळाने वाढते. दहा हजार अणू असले तर शंभरपट, म्हणजे २६ मेगाहर्ट्झ. तिथे कप्पा आणि गॅमा दोन्ही मागे पडतात. आमची सगळी भिस्त त्या वर्गमुळावर.

१८ जून

टेबलावर, हवेतच, तात्पुरती कॅव्हिटी उभी केली. त्याआधी आरसे साफ करणं आलं. लेन्स टिश्यूची घडी चिमट्यात धरायची, मिथेनॉलचा एक थेंब सोडायचा, घडी आरशाच्या कडेला टेकवायची आणि एकाच दिशेने, न थांबता, पलीकडच्या कडेपर्यंत ओढायची. वापरलेली घडी पुन्हा आरशाला लावायची नाही. मग टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून मायक्रोस्कोपखाली बघायचं. कडेला दोन-तीन कण चिकटून बसलेत, त्यांना हात लावला नाही. आरशावर प्रकाशाच्या पट्ट्याची त्रिज्या १११ मायक्रोमीटर. मधला पाव मिलिमीटर लख्ख असला की आपलं काम झालं.

पिझोवर (व्होल्टेज दिला की आरसा किंचित सरकवणारा तुकडा) रॅम्प दिला आणि पारगमन कॅमेऱ्यावर टाकलं. मूळ मोडचा गोल ठिपका, त्याच्या १.१ गिगाहर्ट्झ पुढे दोन ठिपक्यांचा मोड, मग तीन ठिपक्यांचा. समोरचा आरसा अंशाच्या शतांशाने फिरवत गेलो तसे वरचे मोड विझत गेले आणि मूळ मोड चढत गेला.

नंतर रिंग-डाउन. कॅव्हिटी प्रकाशाने भरायची, एओएमने (ध्वनिलहरींनी प्रकाश वळवणारी झटपट कळ) लेझर झटकन तोडायचा आणि आतला प्रकाश किती वेळात ओसरतो ते बघायचं. ०.३९ मायक्रोसेकंद मिळाले. तेवढ्या वेळात प्रकाश त्या चार सेंटिमीटरच्या फटीत ११७ मीटर धावतो. यावरून फिनेस ९,२००, म्हणजे दर आरशामागे ३४२ पीपीएम जातात: ३०० पलीकडे, ४२ शोषणात आणि विखुरण्यात. कागदावरच्या १५ पेक्षा जास्त आहे. ज्युनिअर म्हणाला पुन्हा एकदा पुसूया. मॅडम नको म्हणाल्या, आणि मलाही ते पटलं. लेप घासण्यापेक्षा ४२ परवडले. कप्पा आता २०४ किलोहर्ट्झ, पुढची गणितं याच आकड्यावर.

२ जुलै

स्पेसर (दोन आरशांना अंतरावर धरणारा तुकडा) कशाचा, यावर वर्कशॉपमधल्या काकांशी बराच वेळ हुज्जत. काकांचा कल ॲल्युमिनियमकडे, कारण इन्व्हार (उष्णतेने जेमतेम वाढणारं लोखंड-निकेलचं संमिश्र) लेथवर चिवट लागतं आणि टूल खातं. त्यांचं खरं आहे. पण ॲल्युमिनियमचा ४ सेंटिमीटरचा तुकडा एका अंशाला ०.९ मायक्रोमीटर वाढतो. अनुनाद एका एफएसआरने सरकायला ०.३९ मायक्रोमीटर पुरतात, म्हणजे एसी एकदा चालू-बंद झाला की कॅव्हिटी दोन एफएसआर पलीकडे गेलेली असणार. इन्व्हार तेवढ्याच अंशाला ५० नॅनोमीटरच्या आत राहतं. तेही ४६० मेगाहर्ट्झ होतात, म्हणजे अनुनादाच्या रुंदीच्या हजारपटीहून जास्त, पण तेवढं पिझो सांभाळून घेतो.

काकांना एक आकडा दाखवला तेव्हा ते गप्प झाले. अनुनादाची रुंदी लांबीत मोजली तर ४२ पिकोमीटर येते. रुबिडियमचा अणू साधारण अर्धा नॅनोमीटर रुंद, त्याचा हा बारावा हिस्सा. आरसा एवढ्या मापात स्थिर धरायचाय. "मग लेथवर मी काय करू?" असं त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न. मापाची अचूकता लेथने द्यायची नाहीये, ती लॉक (आरसा सतत जागेवर आणणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था) देईल; लेथने फक्त न हलणारा तुकडा द्यायचा. शेवटी इन्व्हारच ठरलं.

१६ जुलै

निर्वात चेंबर बंद. बेक-आउट (आत चिकटलेले वायू तापवून हाकलणं) १०० अंशांवरच, त्यापुढे पिझोचा इपॉक्सी तग धरणार नाही. बाहेर धो धो पाऊस, आत हीटिंग टेप. आठवडाभर दुसरं काही करण्यासारखं नाही.

५ ऑगस्ट

मॉट आला! दाब एका मिलिबारच्या अब्जांशापर्यंत उतरला होता, डिस्पेन्सरचा (तापला की रुबिडियम सोडणारा) करंट हळूहळू चढवत नेला, आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन आरशांच्या मधे पांढरा पुंजका. कूलिंग लेझर एफ = २ वरून एफ′ = ३ कडे (एफ म्हणजे अणूच्या खालच्या ऊर्जापातळ्या, एफ′ वरच्या), किंचित लाल बाजूला; रिपंप, म्हणजे भलत्या पातळीत घसरलेल्या अणूंना परत आणणारा लेझर, एफ = १ वरून एफ′ = २ कडे. रिपंप अडवला की पुंजका गायब, सोडला की परत. हे करून दाखवायचा मोह पाहुणे आले की आवरत नाही.

कॅमेऱ्यावरून अंदाज: व्यास दीड मिलिमीटर, सुमारे वीस लाख अणू. मॉट म्हणून किरकोळच. आरशांच्या होल्डरमुळे किरण ८ मिलिमीटरपेक्षा रुंद घेता येत नाहीत, त्याची ही किंमत. ढग सोडून देऊन, पसरताना पुन्हा फोटो घेऊन तापमान काढलं तर १५० मायक्रोकेल्विनच्या आसपास. रुबिडियमची डॉपलर मर्यादा (साध्या लेझर-शीतनाची सीमा) १४६, तेव्हा ठीक. या ढगाला अतिशीत म्हटलं तर काटेकोर लोक हरकत घेतील. १९९५ साली बोल्डरला कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचं पहिलं कंडेन्सेट (सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत) केलं ते १७० नॅनोकेल्विनला, आमच्या ढगाच्या जवळजवळ हजारपट थंड. आपण अजून त्या गावाला निघालेलोच नाही. पण कॅव्हिटीशी बोलणी सुरू करायला १५० मायक्रोकेल्विन पुरतात.

पुंजका मोडच्या रेषेवर बसलाय की नाही ते डोळ्यांना कळत नाही. बायस कॉइलचा (चुंबकक्षेत्र सरकवणारी वेटोळी) करंट फिरवून ढग इकडेतिकडे नेता येतो. नेमकी जागा कॅव्हिटीच सांगेल.

२१ ऑगस्ट

लॉकचा आठवडा. कॅव्हिटी धरून ठेवायला वेगळा लेझर, ८३० नॅनोमीटरचा. अणूंना त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही, इतका तो त्यांच्या रेषेपासून दूर आहे. पद्धत पाउंड-ड्रेव्हर-हॉल: लेझरवर फेज मॉड्युलेशनने दोन साइडबँड चढवायचे, आरशावरून परत आलेला प्रकाश डिमॉड्युलेट करायचा, की अनुनादाच्या कुठल्या बाजूला आणि किती घसरलोय ते चिन्हासकट मिळतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाच्या चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहणार आहेत, त्यांतल्या आरशांनाही हीच विद्या लागणार.

लॉक दिवसा तासन् तास टिकतो आणि संध्याकाळी सातनंतर सुटतो. कारण खिडकीतून ऐकू येतं: मागच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय, गणपती सतरा दिवसांवर आलेत. मला वाटलं होतं ढोल छळेल. एरर सिग्नलचा स्पेक्ट्रम घेतला तर उलटंच दिसलं. ढोलाचे ठोके दोनशे हर्ट्झच्या खाली, तिथे लूपचा गेन, म्हणजे लॉकची दुरुस्तीची ताकद, भरपूर, टिपरू कितीही जोरात पडलं तरी लॉक ते पचवतो. ताशाची तडतड मात्र काही किलोहर्ट्झपर्यंत जाते. पिझो आणि त्यावर चिकटवलेला आरसा यांचा स्वतःचा अनुनाद तिथेच बसलाय आणि लूपचा गेन तिथवर पोहोचत नाही. ताशेवाल्याने तर्री लावली की लॉक गेलाच.

उपाय दोन. चेंबरभोवती फोमची पेटी, आणि लूपमध्ये त्या अनुनादावर नॉच फिल्टर. तिसरा उपाय फुकटचा: रात्री दहानंतर मोजायचं.

२९ ऑगस्ट

आज टेबलाकडे फिरकलोच नाही, दिवस वहीतच गेला. पण या प्रकल्पात आतापर्यंत हाती लागलेलं सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे, म्हणून सविस्तर.

कॅव्हिटी बरोबर अणूंच्या वारंवारतेवर आणली आणि आत अणू भरले की मधलं एक शिखर दुभंगून दोन होतात, प्रत्येक जण जी गुणिले वर्गमूळ एन (एन म्हणजे अणुसंख्या) इतका दूर. हे पुस्तकात असतं. पुस्तकातल्या चित्रात दोन्ही शिखरं छान उंच असतात, आमची तशी नसणार. त्या शिखरावर असलेली अवस्था अर्धी प्रकाश, अर्धी अणू. प्रकाशाचा भाग कप्पाने गळतो, अणूचा गॅमाने, आणि गॅमाने गेलेला फोटॉन कुठल्याही दिशेला जातो, डिटेक्टरकडे नाही. शिखराची उंची रिकाम्या कॅव्हिटीच्या तुलनेत कप्पा भागिले (कप्पा अधिक गॅमा), त्याचा वर्ग. ०.२०४ भागिले ३.२३, त्याचा वर्ग: ०.००४. अडीचशेतला एक हिस्सा.

आणि आरसे अजून चांगले केले तर? कप्पा घटतो, गॅमा निसर्गाने ठरवलेला, उंची आणखी खाली. आम्ही फिनेसच्या मागे धावत होतो, पण ही दोन शिखरं बघायला गळकी कॅव्हिटी बरी. जे गळतं तेवढंच दिसतं. त्याच गणिताची दुसरी बाजू: एकट्या अणूची कोऑपरेटिव्हिटी (गळतीच्या तुलनेत अणू-प्रकाश पकड किती), म्हणजे जीचा वर्ग भागिले दोन कप्पा गॅमा, ०.०५. ती मात्र फिनेसबरोबर वाढते. तेव्हा "फिनेस किती?" याआधी "बघायचंय काय?" हे विचारायला हवं. मॅडमचं म्हणणं, हे प्रस्ताव लिहितानाच विचारतात. असेल. पण प्रस्तावात सगळ्यांचेच आरसे उत्तम असतात.

आता तोडगा. कॅव्हिटीत सरासरी एक फोटॉन असला तर एका बाजूने सेकंदाला सुमारे ११ लाख फोटॉन बाहेर येतात. शक्तीत मोजलं तर ०.३ पिकोवॉट. फोटॉन काउंटर हे आरामात मोजतो. प्रोब (कॅव्हिटीतून पाठवून मोजायचा क्षीण लेझर) इतका वाढवायचा की शिखरावर आत एक-दोन फोटॉन राहतील. अणू हजारोंनी असल्यामुळे तेवढ्याने कुणी संपृक्त होत नाही. फक्त तोच प्रोब रिकाम्या कॅव्हिटीतून गेला तर काउंटर आंधळा होईल, म्हणून अणूंविना संदर्भ घेताना पुढे फिल्टर.

११ सप्टेंबर, पहाटे

दोन शिखरं मिळाली.

क्रम असा: मॉट भरा, किरण आणि चुंबक बंद करा, प्रोब ४० मेगाहर्ट्झ अलीकडून ४० पलीकडे दोन मिलिसेकंदांत सरकवा, पुन्हा मॉट. त्या तापमानाला अणूचा वेग सेकंदाला १२ सेंटिमीटर, म्हणजे एकेक अणू मिलिसेकंदाच्या आतच मोडबाहेर पडतो. पण ढग मोडपेक्षा पुष्कळ मोठा आहे, एक गेला की शेजारचा आत येतो, आणि दोन मिलिसेकंदांत गुरुत्वाने पडणं २० मायक्रोमीटर. चालतं.

एका स्वीपमध्ये नुसती खसखस दिसते. बेरीज वाढत गेली तसे मध्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे उभे राहिले, मधे सपाट दरी. अंतर ३६ मेगाहर्ट्झ. रिपंप बंद करून तेच केलं, तर मधे एकच शिखर परत आलं. म्हणजे हे खरंच अणूंचंच काम.

अणू किती? इथे २६० किलोहर्ट्झ वापरून चालणार नाही. तो आकडा सगळ्यात बळकट संक्रमणाचा; आमचे अणू एफ = २ च्या पाचही उपपातळ्यांवर विखुरलेले. सरासरी बळ त्याच्या ७/१५, तेव्हा जी १७८ किलोहर्ट्झ. १८ भागिले ०.१७८, त्याचा वर्ग: साधारण १०,३००. ही परिणामी संख्या, उभ्या लहरीतले डोंगर आणि दऱ्या हिशेबात धरून. कॅमेऱ्याचे वीस लाख अणू दीड मिलिमीटरच्या गोळ्यात पसरवले आणि मोडने त्यातून कापलेला दोरा मोजला तर दहा-बारा हजारच येतात. जमतंय.

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मॉटमधले रुबिडियम अणू कॅव्हिटीत ठेवून अशी दुभंग बघितली गेलीय, आपण काही नवीन खंड शोधलेला नाही. पण आपल्या टेबलावर बघण्याची मजा वेगळी. कॅन्टीन बंद होतं, चहा राहिला.

१३ सप्टेंबर

लाइट गेली, यूपीएस आयन पंपापुरता पुरला. लेझर पुन्हा स्थिर व्हायला दिवस जाणार.

२४ सप्टेंबर

दुसरी पद्धत, आणि माझ्या मते हीच वापरात राहील. कॅव्हिटी अणूंच्या रेषेपासून १०० मेगाहर्ट्झ वर, निळ्या बाजूला नेली. इथे अणू प्रकाश फारसा शोषत नाहीत, त्याची वाट किंचित बदलतात. अणूंचा ढग पातळशा काचेसारखा वागतो. शिखर एकच राहतं, फक्त सरकतं. दर अणूमागे जीचा वर्ग भागिले १००.

सरकणं ४ मेगाहर्ट्झ निघालं, रुंदीच्या दहापट. उंची रिकाम्या कॅव्हिटीच्या ४० टक्के. गणित ३९ सांगत होतं. अडीचशेतल्या एकाच्या तुलनेत ही चैन आहे.

निळी बाजू का: खाली २६७ मेगाहर्ट्झवर एफ′ = २ बसलीय, लाल बाजूला गेलो तर दोघींच्या कात्रीत सापडणार. निळ्या बाजूलाही तिचा हात पोहोचतोच. तिचा आणि एफ′ = १ चा वाटा मिळून सरकण्यात ११ टक्के भर पडते. तो न धरता १२,७०० अणू येतात, धरून ११,४५०. दोन पद्धती साधारण दहा-अकरा टक्क्यांच्या फरकाने जुळल्या.

याचा खरा फायदा: अणू मोजताना ढग उधळला जात नाही. एकाच ढगाकडे मिलिसेकंदामिलिसेकंदाने बघता येतं. बायस कॉइल फिरवून सरकणं जास्तीत जास्त होईल तिथे ढग आणला. दोनच मिनिटांत काम झालं. ऑगस्टमध्ये याच कामासाठी कॅमेऱ्यावर डोळे फोडून घेतले होते.

४ ऑक्टोबर

गटचर्चेत माझी पाळी होती, विषय: झुरिकचा २०१० चा प्रयोग. एसलिंगर यांच्या गटाने ईटीएचमध्ये लाखभर अणूंचं रुबिडियम कंडेन्सेट कॅव्हिटीत ठेवलं आणि आडव्या बाजूने ७८४.५ नॅनोमीटरचा लेझर सोडला. कॅव्हिटीत थेट काहीच सोडलं नाही. अणू समान पसरलेले असतील तर त्यांनी कॅव्हिटीकडे विखुरलेल्या लहरी एकमेकींना खोडतात, आत अंधार राहतो. पंप एका उंबरठ्यापलीकडे गेला की अणू आपापल्यात पटावरची घरं वाटून घेतात, एकाआड एक: सगळे काळ्या घरांत, नाहीतर सगळे पांढऱ्या. मग लहरी जुळतात, कॅव्हिटी उजळते, तो प्रकाश पट आणखी खोल करतो. काळी की पांढरी हे दरवेळी नशिबावर, आणि बाहेर आलेल्या प्रकाशाच्या फेजवरून ते वाचता येतं: शून्य किंवा पाय (π), म्हणजे बरोबर उलट.

वंशावळही सांगितली. डिकी यांचा अतिविकिरणाचा (अनेक अणूंनी एकजुटीने प्रकाश सोडण्याचा) लेख १९५४ चा, त्या प्रतिमानात प्रावस्था-बदल असतो हे हेप आणि लीब यांनी १९७३ मध्ये दाखवलं. आडव्या पंपाखाली अणू स्वतःच रांगेत बसतील हे डोमोकोश आणि रित्श यांनी २००२ मध्ये मांडलं, आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डला वुलेटिच यांच्या गटाने कंडेन्सेटशिवाय, नुसत्या लेझरने थंड केलेल्या सीझियमवर ते बघितलं. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम दोनदा सांगितला. आपल्याकडे कंडेन्सेट नाही, पण थंड अणू आणि कॅव्हिटी आहे.

ज्युनिअरचा प्रश्न चांगला होता: प्रत्येक अणू प्रत्येक अणूशी बोलतो म्हणजे काय, अंतराचा संबंधच नाही? नाही. एका अणूने कॅव्हिटीत विखुरलेला फोटॉन त्याच्या ०.३९ मायक्रोसेकंदांच्या आयुष्यात सगळ्या ढगातून हजारो वेळा आरपार जातो. त्याला शेजारी आणि लांबचा असा भेद उरत नाही. टक्करींत असा दूरचा संबंध मिळत नाही, म्हणून तर ही सगळी यातायात.

झुरिकच्या आरशांत अंतर १७६ मायक्रोमीटर; जी, कप्पा, गॅमा १०.६, १.३ आणि ३ मेगाहर्ट्झ. तिथे एकट्या अणूची कोऑपरेटिव्हिटी १४, आमची ०.०५. कुणीतरी सुस्कारा टाकला. पण त्यांचा कप्पा आमच्या सहापट आहे हेही फळ्यावर लिहिलं: फिनेस तीन लाखांवर असूनही, कारण कॅव्हिटी आखूड. उंबरठा ओलांडल्याची बातमी त्यांना प्रत्यक्ष घडतानाच मिळाली ती त्या गळतीतून.

१७ ऑक्टोबर

पुढच्या आरशांवरून मॅडम आणि मी पुन्हा आमनेसामने. त्यांना दोन्ही ३० पीपीएमचे हवेत. माझा हिशेब: आत्ताचा ४२ पीपीएमचा तोटा तसाच राहिला तर त्या जोडीत निम्म्याहून जास्त फोटॉन आरशांतच मरतील आणि उरलेले दोन बाजूंना वाटले जातील, डिटेक्टरच्या वाट्याला जेमतेम एक पंचमांश. त्याऐवजी एक ३० चा, एक ३०० चा. फिनेस १५,००० वर जातो, म्हणजे आत्तापेक्षा जास्तच, आणि शंभरातले बहात्तर फोटॉन एकाच बाजूने, काउंटरकडे येतात. आत्ता चव्वेचाळीस येतात.

मॅडमनी आकडे स्वतः तपासले आणि ऑर्डर गेली, ३० आणि ३००. आरसे येईपर्यंत आडव्या पंपाची ऑप्टिक्स उभी करायची, आणि मोलॅसेसने (चुंबक बंद करून, नुसत्या लेझरने आणखी थंड करून) ढग काही दशक मायक्रोकेल्विनपर्यंत उतरवायचा. गरम अणूंना पटावर बसवायला पंप तेवढाच जास्त लागतो. पंपाचा लेझर रेषेपासून किती दूर ठेवायचा यावर उद्या बसणार. माझा कल काही गिगाहर्ट्झकडे आहे, ज्युनिअरला झुरिकसारखे नॅनोमीटर हवेत. तेवढी शक्ती आमच्या लेझरमध्ये नाही, हे त्याला ॲम्प्लिफायरची किंमत दाखवून पटवायचंय.